शंभराला सात

आर्डिस ट्वेट बापाची गाडी घेऊन आली
तेव्हा माल्टा गावात असा वारा सुटला होता
की शटर मी अर्धंच वर केलेलं.
सत्त्याहत्तरची फोर्ड पिकअप. रंग कधीकाळी हिरवा.
म्हणाली, लॉनी, चार टायर टाक. बरोबर मापाचे.

बरोबर मापाचे!
या गाडीला मापं तीन आहेत, बाई.
एक दाराच्या चौकटीतल्या कागदावर.
ऊन खाऊन गेलंय तो कागद,
टॉर्च तिरपा धरला तर एवढंच उरलंय:
एल, अठ्ठ्याहत्तर, पंधरा.
दुसरं म्हणजे तेच, आजच्या बोलीत:
दोनशे पस्तीस, पंचाहत्तर, पंधरा.
रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या शेकड्यात
आणि रिम इंचात.
एका ओळीत दोन मुलखांचे गज.
तिसरं चाकांवर चढलेलं:
एकतीस इंच उंच, साडेदहा रुंद.
ते तुझ्या बापाचं.

मी खाली वाकलो.
नक्षी अजून खोल, पण कडेला भेगा,
तळं आटल्यावर पडतात तशा.
रबरावरचे चार आकडे थुंकी लावून पुसले:
छत्तीस, शून्य चार.
म्हणजे दोन हजार चारचा छत्तिसावा आठवडा.
"सप्टेंबर," ती म्हणाली,
"आईच्या बिलिंग्जच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हाचे."

माहीत आहे. मीच चढवले होते.
ऑर्व्हलला सांगून पाहिलं, रिम सहा इंची आहे,
रिम पाहून टायर पसरावा.
तो म्हणाला, आमच्या रस्त्याचा चिखल
एप्रिलात एक्सल गिळतो. गाडी उंच हवी.
मध्येच रुतलो तर नोरीनला उतरवू कुठं?
स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासायचा.
घरी जाऊन त्यानं कड आत ठोकली, हातोड्यानं.
ठोके अजून मोजता येतात.

समोरच्या कप्प्यातून तिनं वही काढली.
पेन्सिलीचे आकडे: तारीख, पेट्रोल, घर ते बिलिंग्ज १९०.
खाली पुन्हा १९०. पुन्हा १९०.
"फोन तर दोनशे चार दाखवतो," ती म्हणाली,
"आणि बाबा आकड्यात कधी चुकायचे नाहीत."

चुकला नाही तो.
मीटर चाकाचे फेरे मोजतं, रस्ता मोजत नाही.
चाक मोठं, तर फेरे कमी.
मीटरवर शंभर होतात
तेव्हा गाडीखालून एकशेसात गेलेले असतात.

ती टायरच्या ढिगावर बसून
वहीच्या मागच्या पानावर गुणाकार करत राहिली.
जाऊन-येऊन अठ्ठावीस. फेऱ्या सव्वीस.
सातशे अठ्ठावीस मैल,
जे ऑर्व्हलनं चालवले आणि कुठंच धरले नाहीत.
पेन्सिल तिनं वहीतच ठेवली, वही मिटली.

"हेच माप परत टाकलं तर?"
टाकीन, पैसे तुझे, मी म्हणालो.
पण या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही
आणि खांदे तुझे आहेत, त्याचे नाहीत.
बर्फात अरुंद टायर कापत जातो, जमिनीला भिडतो,
रुंद वरच्या वर तरंगतो.
आणि आता शेजारच्या सीटवर कुणी आजारी नाही.

एवढं शेवटचं बोलायला नको होतं.
बरं झालं, तेवढ्यात कंप्रेसर सुरू झाला.

तो थांबल्यावर म्हणाली, "दोनशे पस्तीस.
जुने मागे टाकून दे. फेकू नकोस.
गवताच्या गंजीवरची ताडपत्री उडते माझी."

जॅक काढला. गाडी इंचभर खाली बसली,
लांबून आलेला माणूस खुर्चीत बसतो तशी.
मी नेहमीचं वाक्य म्हणालो:
पन्नास मैलांनी परत ये, नट पुन्हा आवळून देतो.
तिनं काच खाली केली.
"कुणाचे पन्नास?"
मीटरचेच, म्हणालो. आता जुळतील.

कोपऱ्यावर तिनं स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं.
मी शटरखाली वाकून कान देऊन उभा.
काही घासलं नाही.